हातचा एक राखून ठेवा: पहिला म्युझिक व्हिडिओ करताना भावना कॅमेऱ्यात कशी आणायची

माझा पहिला म्युझिक व्हिडिओ मी पुण्यातल्या वेताळ टेकडीवर शूट केला होता. मित्राचं विरहाचं गाणं, संध्याकाळचं ऊन, वाळलेल्या गवतावरून हात फिरवत चालणारा हिरो (म्हणजे आमचाच गिटारवाला), प्रत्येक शॉट स्लो मोशनमध्ये, मागे सूर्य, लेन्समध्ये फ्लेअर आणि एडिटला वरून निळा-केशरी रंग फासलेला. जे जे म्हणून व्हिडिओ बघून शिकलो होतो ते सगळं एकाच गाण्यात घातलं. मग मोठ्या कौतुकाने आत्याला दाखवला. नेमका तिच्या फोनचा आवाज बंद होता, तिने तसाच शेवटपर्यंत बघितला आणि म्हणाली, "छान आहे रे, कुठल्या शॅम्पूची जाहिरात आहे?"

तेव्हा राग आला, आता वाटतं तिच्याइतकं नेमकं कोणी बोललंच नव्हतं. विरह कुठेच नव्हता, नुसतं सुंदर होतं.

शाळेत बेरीज शिकताना आठवतंय ना, सात आणि आठ पंधरा, पाच खाली मांडायचे आणि हातचा एक. तो हातचा पुढच्या घरात मिळवला नाही की अख्खं गणित चुकतं. म्युझिक व्हिडिओचंही मला तसंच वाटतं. आपल्याकडे असलेली सगळी अस्त्रं पहिल्याच मिनिटाला खाली मांडली की गाणं जिथे वळतं तिथे द्यायला हातात काही उरत नाही, आणि बघणाऱ्याला भावना कळते ती कुठल्या एका शॉटमुळे नाही तर बदलामुळे, इतका वेळ असं होतं आणि आता वेगळं झालं यामुळे. खालच्या सगळ्या पायऱ्या हे एक डोक्यात ठेवून वाचा. फोन असला तरी चालेल, भाड्याचा कॅमेरा असला तरी चालेल.

उदाहरण म्हणून आमचंच दुसरं गाणं घेतो. पेठेतला एक जुना वाडा पाडायचा ठरलाय, एक मुलगा (परत आमचाच गिटारवाला) शेवटचं सामान घेऊन बाहेर पडतोय, एवढीच गोष्ट. केरवा तालातलं गाणं, लय ७५ बीपीएम (म्हणजे मिनिटाला ७५ मात्रा), मुखडा आणि दोन अंतरे, साधारण चार मिनिटं.

पायरी १: आधी फक्त ऐका, कॅमेरा बॅगेत राहू दे

गाणं वीसेक वेळा ऐका, त्यातलं निदान पाच वेळा डोळे मिटून. मग एक आडवा कागद घ्या आणि त्यावर गाण्याचा नकाशा काढा. किती सेकंदाला मुखडा सुरू, कुठे तबला येतो, कुठे तो थांबतो, कुठे आवाज वर जातो, कुठे गायकाने श्वास घेतलेला ऐकू येतो. हो, श्वासाची सुद्धा नोंद करा, एडिटला त्या श्वासाइतकी कामाची जागा दुसरी नसते.

आता या नकाशावर एकच जागा शोधा जिथे गाणं खरंच वळतं. बऱ्याचदा ती सगळ्यात मोठ्या आवाजाची जागा नसतेच. आमच्या गाण्यात दुसऱ्या अंतऱ्यानंतर सगळी वाद्यं थांबतात आणि मुखड्याची पहिली ओळ नुसत्या तानपुऱ्यावर परत येते, तीच ती जागा. कागदावर तिथे लाल गोल करा.

पायरी २: भावना एका वाक्यात लिहा, पण "दुःख" असं लिहू नका

दुःख, प्रेम, आनंद हे शब्द शूटिंगच्या कामाचे नाहीत, त्यांच्यावरून कॅमेरा कुठे ठेवायचा ते कळत नाही. वाक्य असं पाहिजे की ज्यातून वागणं दिसेल. आमच्या गाण्यासाठी आधी लिहिलं होतं "घर सुटल्याचं दुःख". मग दोन चहा झाल्यावर ते झालं "घर सोडताना आपल्याला काहीच होत नाहीये असं दाखवणारा माणूस". बघा, आता लगेच सुचायला लागतं. हा माणूस रडणार नाही, तो कामात असेल, दोऱ्या बांधेल, खोकी मोजेल, टेम्पोवाल्याशी भाड्यावरून घासाघीस करेल. आणि कॅमेराही त्याच्या फार जवळ जाणार नाही, कारण त्याला कोणी जवळ यायला नकोय.

वाक्य जमेपर्यंत पुढे जाऊ नका, खरंच सांगतो, इथला एक तास शूटचे चार तास वाचवतो.

पायरी ३: हातचा ठरवा

आता एक कुठलीतरी गोष्ट निवडा जी तुम्ही त्या लाल गोलापर्यंत वापरणार नाही. क्लोजअप असू शकतो, कॅमेऱ्याची हालचाल असू शकते, एखादा रंग, ऊन, स्लो मोशन, किंवा गायकाने थेट लेन्समध्ये बघणं. एकच निवडा. दोन हातचे धरले की गोंधळ होतो.

आम्ही क्लोजअप राखून ठेवला. पहिली सव्वातीन मिनिटं मुलाचा चेहरा जवळून दिसायचाच नाही, पाठ, हात, दारातून लांबवर तो, जिन्यावर अर्धा, एवढंच. गिटारवाल्याला हे पटवायला फार वेळ लागला कारण त्याने खास दाढी सेट करून घेतली होती.

हे मी शोधलेलं नाही हो, मोठी माणसं हेच करतात. 'सैराट' (२०१६) आठवा, सगळी गाणी, तो सगळा वारा आणि धावणं आणि विहिरीतल्या उड्या मध्यंतराच्या आधी, आणि शेवट आला तेव्हा आवाजच काढून घेतला. ती शांतता इतकी अंगावर येते कारण आधी अजय-अतुलने कान भरून दिलेले असतात.

पायरी ४: अंतर

मला विचाराल तर भावनेचा निम्मा कारभार इथे चालतो. माणूस फ्रेममध्ये किती मोठा दिसतो यावरून बघणारा ठरवतो की आपण याचे कोण लागतो. लांबून बघितलं की आपण रस्त्यावरचे, कमरेपासून वर दिसला की ओळखीचे, फक्त चेहरा दिसला की घरातले. आणि चेहऱ्याने सरळ लेन्समध्ये बघितलं की मग तो आपल्याशीच बोलतोय, त्यातून सुटका नाही.

गायिका सिनेड ओकॉनरचं १९९० सालचं 'नथिंग कम्पेअर्स टू यू' शोधून बघा, जॉन मेबरीने दिग्दर्शित केलेलं. मध्ये मध्ये पॅरिसच्या एका बागेत ती चालताना दिसते, बाकी जवळपास सगळा वेळ काळ्या पार्श्वभूमीवर तिचा चेहरा. नाच नाही, गोष्ट नाही. आणि एका ओळीला खरंच डोळ्यातून पाणी येतं, ते ठरवलेलं नव्हतं, आईची आठवण आली असं तिनेच नंतर सांगितलं. आता कोणी म्हणेल की इथे तर क्लोजअप पहिल्यापासूनच आहे, मग हातचा कुठे गेला? तर तिथे हातचा म्हणजे ते पाणी. चेहरा इतका वेळ आवरून धरलेला असतो म्हणूनच.

पण क्लोजअप काढताना नवीन लोक एक चूक हमखास करतात. फोनची नेहमीची जी लेन्स असते ती बऱ्यापैकी वाईड असते, ती घेऊन चेहऱ्याजवळ गेलं की नाक मोठं, कान मागे, माणूस विनोदी दिसतो. त्याऐवजी चार पावलं मागे या आणि दुप्पट-तिप्पटची लेन्स वापरा, कॅमेरा असेल तर ८५ एमएमच्या आसपास. चेहरा सपाट आणि शांत दिसतो, मागचं सगळं जवळ ओढल्यासारखं वाटतं. आणि उलटंही लक्षात ठेवा, कोणी घुसमटलंय, डोकं फिरलंय असं दाखवायचं असेल तर मुद्दाम वाईड लेन्स तोंडाजवळ न्या.

फ्रेममधली रिकामी जागा पण बोलते. मुलगा एका कोपऱ्यात आणि उरलेली तीन भाग फ्रेम नुसती माजघराची भिंत, जिच्यावर कपाट काढल्याचा चौकोनी पांढरा डाग राहिलाय. त्या शॉटला मी काहीच केलं नाही, ट्रायपॉड ठेवला आणि गप्प बसलो.

गायकाला अभिनय येत नाही ही सगळ्यांचीच रड असते. त्यावर औषध शंभर वर्षं जुनं आहे. लेव्ह कुलेशॉव्ह नावाच्या रशियन दिग्दर्शकाने एका नटाचा तोच एक कोरा चेहरा घेतला, त्याला कधी सूपची वाटी जोडली, कधी शवपेटीतली मुलगी, कधी कोचावरची बाई, आणि बघणाऱ्यांना त्या एकाच चेहऱ्यात भूक, शोक, इच्छा असं वेगवेगळं दिसलं. म्हणजे काय, तर तुमच्या गिटारवाल्याला सांगा "काही करू नको, फक्त तिकडे बघ", आणि पुढचा शॉट नीट निवडा. काम तो शॉट करतो. जे "अजून फील घे, अजून फील घे" म्हणून ओरडतात ना सेटवर, त्यांचे व्हिडिओ बघा, सगळे पोट दुखल्यासारखे दिसतात.

पायरी ५: उजेड

'कागज के फूल' (१९५९) मधलं 'वक्त ने किया' पाहिलं नसेल तर आजच बघा. अंधाऱ्या रिकाम्या स्टुडिओत वरून एक भला मोठा कवडसा पडतो. व्ही. के. मूर्ती यांनी बाहेरचं ऊन मोठ्या आरशांनी आत वळवून तो तयार केला होता. दोन माणसं लांब लांब उभी, कोणी ओठसुद्धा हलवत नाही, गाणं त्यांच्या मनातच चालू आहे. मूर्तींना पुढे दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला, तो मिळवणारे ते पहिले सिनेमॅटोग्राफर. आणि गुरुदत्तचं सिनेमातलं उमेदवारीचं काम आपल्या पुण्यातच, प्रभातमध्ये झालं होतं, आज जिथे लॉ कॉलेज रोडवर फिल्म इन्स्टिट्यूट आहे ना त्याच जागेत. तर विषय असा की तो उजेड आकाशातून फुकट आला, लागले ते आरसे आणि डोकं.

आम्ही हेच गरिबाघरचं केलं. वाड्याच्या चौकात सकाळी साधारण तासभरच ऊन येतं कारण दोन्ही बाजूला सहा-सहा मजले उठलेत. तेवढ्या वेळात घरातला कपाटाचा आरसा चौकात धरला आणि ऊन माजघरात फेकलं. आत धुपाटण्यात ऊद टाकून थोडा धूर केला, म्हणजे कवडशाची रेघ हवेत दिसते. लाकडी घर आहे, निखारे कुठे ठेवताय त्यावर एक माणूस फक्त बसवून ठेवा, याच्यात आळस नको. आणि आरसा धरणारा हात हलला की ऊन भिंतीवर नाचतं, पहिले तीन टेक त्यातच गेले.

उजेडाची मूळ गोष्ट एवढीच की तो कडक आहे का मऊ, आणि कुठून येतोय. छोटा दिवा लांबून म्हणजे कडक उजेड, सावलीला धार, चेहरा कठोर. मोठा पांढरा पृष्ठभाग जवळून म्हणजे मऊ. खिडकीतून येणारं ऊन मऊ करायचं असेल तर महागडं काही नको, आजोबांचं जुनं धोतर खिडकीवर ताणून बांधा. चेहऱ्याची अंधारी बाजू उजळायची तर फ्रिजच्या खोक्यातला थर्माकोल धरा, सेटवरचे लाइट दादाही त्याला थर्माकोलच म्हणतात. आणि ही गोष्ट फार कमी लोक करतात, पण उदास चेहऱ्यासाठी उलट करायचं, अंधाऱ्या बाजूला काळी घोंगडी धरायची. भिंतीवरून परत येणारा उजेड ती खाऊन टाकते आणि अर्धा चेहरा हळूच बुडतो. आम्ही त्या लाल गोलाच्या क्लोजअपला हेच केलं, एका बाजूला खिडकी, दुसऱ्या बाजूला घोंगडी, बस.

संध्याकाळचं सोनेरी ऊन सगळ्यांनाच पाहिजे असतं पण ते जेमतेम अर्धा तास टिकतं आणि ऋतूप्रमाणे त्याची वेळ सरकते. पुण्यात डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य बुडतो, जूनमध्ये सव्वासातच्या आसपास. कॉलटाइम, म्हणजे सगळ्यांनी सेटवर हजर व्हायची वेळ, त्यावरून मागे मोजत ठरवा. आणि पावसाळ्याला नावं ठेवू नका, ढगाळ आभाळ म्हणजे फुकटचं मऊ छत, दिवसभर एकसारखा उजेड, उदास गाण्याला याहून चांगलं काय.

रात्रीच्या सीनसाठी एलईडी पट्ट्या, होल्डर, वायर सगळं तपकीर गल्लीत मिळतं, पण घेताना तिथेच फोनच्या कॅमेऱ्यातून बघून घ्या. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे स्वस्त दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, डोळ्याला दिसत नाही पण व्हिडिओत काळे पट्टे सरकताना दिसतात. फोन बऱ्याचदा सेकंदाला ३० फ्रेमवर सेट असतो आणि शटर, म्हणजे एका फ्रेमला उजेड किती वेळ आत घ्यायचा ते, स्वतःच ठरवतो, तिथे हे होतं. उपाय सोपा आहे, २५ फ्रेम, शटर एक पन्नासांश, दोन्ही लॉक. आपल्या विजेशी हे बरोबर जुळतं.

पायरी ६: रंग

यावर लोक फार वेळ घालवतात, मी कमीच घालवतो. शूटच्या आधी ठरवा की फ्रेममध्ये दोनच रंग राज्य करतील आणि ते भिंतीतून आणि कपड्यांतून आणा, एडिटमध्ये नाही. आमच्याकडे चुन्याच्या भिंतींचा पिवळट आणि जुन्या लाकडाचा तपकिरी होता, म्हणून मुलाला फिकट निळा शर्ट दिला, म्हणजे तो त्या घरातला वाटतही नाही आणि डोळ्याला खुपतही नाही. लाल टी-शर्ट घालून आला होता, परत घरी पाठवला.

व्हाइट बॅलन्स (कुठल्याही उजेडात पांढरं पांढरंच दिसावं यासाठीची सेटिंग) ऑटोवर ठेवू नका, शॉट चालू असताना फोन मध्येच मत बदलतो. उन्हासाठी ५६०० केल्विन, जुन्या पिवळ्या बल्बसाठी ३२००. मुद्दाम चुकवूनही मजा येते, दिवसाउजेडी ३२०० वर ठेवलं की सगळं निळं गार पडतं. आणि रंगाचे अर्थ पुस्तकातून घेऊ नका. पिवळा म्हणजे आनंद वगैरे काही नसतं, आपल्याकडे पिवळी हळदही असते, जेजुरीचा भंडाराही असतो आणि दवाखान्याच्या भिंतीही असतात. तुमच्या गाण्यात त्यातला कुठला आहे ते तुम्ही ठरवायचं. निळा-केशरी ग्रेड मात्र कृपा करून सोडा, आपल्या कातडीवर तो गाजराच्या हलव्यासारखा दिसतो.

पायरी ७: हालचाल आणि स्लो मोशन

कॅमेरा हलला की बघणाऱ्याला वाटतं कोणीतरी हलवतोय, म्हणजे कोणीतरी बघतोय. हळूहळू पुढे सरकला तर त्या माणसाच्या मनात काहीतरी चाललंय असं वाटतं, मागे सरकला तर त्याला सोडून चाललोय असं. हातात धरून थोडा थरथरता ठेवला तर काळजी, धावपळ. ट्रायपॉडवर गच्च बसवला तर सगळं आधीच ठरून गेलंय, आता बदलणार नाही. पाडायच्या वाड्याला हाच बरोबर होता म्हणून आमचा एकही शॉट हलत नाही. गिंबल (चालताना कॅमेरा स्थिर धरणारं यंत्र) भाड्याने आणला होता, दिवसभर पिशवीत पडून राहिला, त्याचे पैसे वाया गेले ते गेले.

स्लो मोशनबद्दल मी जरा कडू आहे, कारण तुम्हाला माहितीच आहे. ते काळ ताणतं, म्हणून जो क्षण माणसाला खरंच थांबवून ठेवावासा वाटेल तिथेच वापरा. चालताना, केस उडवताना, गवतावरून हात फिरवताना वापरलं की शॅम्पू.

पण एक युक्ती शिकून ठेवा, गायक नीट सुरात-तालात गातोय आणि भोवतीचं सगळं जग मात्र संथ, हे कसं करतात ती. गाण्याची दुप्पट वेगाची फाइल करा, आमचं ७५ चं गाणं झालं १५०. सेटवर ती लावा, गायकाने त्या वेगात ओठ हलवायचे, शूट ५० फ्रेमवर, शटर एक शतांश. एडिटमध्ये २५ च्या टाइमलाइनवर निम्मा वेग केला की ओठ मूळ गाण्याला बरोबर बसतात आणि पडणारं पाणी, उडणारी धूळ, मागचे लोक तरंगायला लागतात. गायकाला आदल्या दिवशी सराव करायला लावा, तानांना जीभ अडखळते आणि सगळे हसत सुटतात. वेळेचा अजून टोकाचा खेळ बघायचा असेल तर कोल्डप्ले या बँडचं 'द सायंटिस्ट' बघा, अख्खा व्हिडिओ उलटा चालतो पण ओठ सुलट, कारण त्यांच्या गायकाने, क्रिस मार्टिनने, शब्द उलटे पाठ केले होते. गाणंच "परत सुरुवातीला जाऊ" असं म्हणतंय, म्हणून ती करामत करामत वाटत नाही.

पायरी ८: शूटचा दिवस

परवानगीचं बोलून घेतो. शनिवारवाडा केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे, तिथे परवानगीशिवाय ट्रायपॉड लावायला जाऊ नका. टेकड्यांवर वनखात्याची जमीन आहे. ड्रोन तर डोक्यातून काढूनच टाका, लोहगावला हवाई दल, खडकवासल्याला एनडीए, शहरभर लष्कराच्या जागा, नियम वाचल्याशिवाय उडवलात तर गाणं बाजूला राहील. खाजगी वाड्यात मालकाबरोबर प्रत्येक भाडेकरूला विचारा, आणि दुपारी एक ते चार मोठ्याने गाणं लावू नका, पुढचं सांगायला नको.

सेटवर गाणं मोठ्या स्पीकरवर लावायचं, गायकाने खरंच आवाज काढून गायचं, नुसते ओठ हलवले की गळ्याच्या शिरा हलत नाहीत आणि खोटं लगेच कळतं. फाइलच्या सुरुवातीला चार मात्रांचे टिक टिक टाकून ठेवा म्हणजे उचल नीट होते. कॅमेऱ्याचा कच्चा आवाज चालू ठेवा, एडिटला जुळवायला तोच लागतो. फोन असेल तर फ्रेमरेट पक्का धरून ठेवणारं कॅमेरा ॲप घ्या, नाहीतर फोन मनाला येईल तसे फ्रेम कमी-जास्त करतो आणि दुसऱ्या मिनिटानंतर ओठ पुढे, गाणं मागे.

सगळ्यात आधी अख्खं गाणं एकदा वाईडमध्ये एका दमात घेऊन ठेवा, पाऊस आला, लाइट गेली, गायक रुसला तरी हातात काहीतरी असतं. आणि टेक संपल्यावर लगेच कट म्हणू नका, दहा सेकंद थांबा. आमचा सगळ्यात चांगला शॉट तसाच मिळाला. दिंडी दरवाजा लावायचा होता, तो काही लागेना, कोयंडा खाली उतरलेला, तर मुलाने टेक संपला असं समजून सवयीने दरवाजा दोन्ही हातांनी जरा वर उचलला आणि मग कडी घातली. त्याच्या स्वतःच्या गावच्या घराचा दरवाजा तसाच आहे म्हणे. मी कॅमेरा बंद केला नव्हता.

पायरी ९: एडिट

आपल्या गाण्याचा हिशोब करून घ्या. ७५ बीपीएम म्हणजे एक मात्रा ०.८ सेकंद, २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर बरोबर २० फ्रेम, केरव्याचं आठ मात्रांचं आवर्तन १६० फ्रेम. आता कुठे कापायचं ते कळतं. पण प्रत्येक समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, कापत बसलात तर बघणाऱ्याला तिसऱ्या आवर्तनापासून पुढचं आधीच कळतं आणि तो डुलक्या घेतो. नाचाच्या गाण्याला ते चालतं, आपल्याला नाही. मी समेच्या दोन-तीन फ्रेम आधी कापतो, डोळ्याला सवय व्हायला तेवढा वेळ लागतो आणि कट समेवर पडल्यासारखा वाटतो. आणि मधूनच एखादी सम सोडून द्यायची, शॉट तसाच चालू द्यायचा. बघणारा वाट बघतो. त्या वाट बघण्यात खूप काही घडतं.

शब्दांचं चित्र काढू नका. ओळीत चंद्र आला म्हणून चंद्र, पाऊस आला म्हणून पाऊस, काळीज आलं म्हणून छातीवर हात, हे बालगीताला शोभतं. शब्द जे सांगतायत ते सांगून झालंय, चित्राने त्याच्या शेजारची गोष्ट सांगावी. आमच्या ओळीत "अंगण" येतं तेव्हा पडद्यावर टेम्पोत उलटी बांधलेली खुर्ची आहे.

आणि गाणं मध्ये थांबवायला घाबरू नका. १९३७ च्या 'कुंकू'मध्ये शांतारामबापूंनी पार्श्वसंगीतच ठेवलं नव्हतं, नुसते खरे आवाज, तोही प्रभातचाच चित्रपट, इथलाच. आम्ही त्या लाल गोलाच्या आधी गाणं चार सेकंद पूर्ण बंद केलं, फक्त दरवाजा उचलल्याचा लाकडी कुरकुर आवाज आणि कडी. मग तानपुरा, आणि मग पहिल्यांदा चेहरा. गायक दोन दिवस माझ्याशी बोलला नाही, त्याच्या गाण्यात भोक पाडलं म्हणून, तिसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाला राहू दे.

पायरी १०: म्यूट करून दाखवा

झालं की आवाज बंद करून एखाद्या अशा माणसाला दाखवा ज्याला तुमच्या गाण्याचं काही पडलेलं नाही. बँडवाले नकोत, इन्स्टिट्यूटवाले तर नकोतच. काही समजावून सांगू नका आणि "कसं वाटलं" असंही विचारू नका, पुण्यात त्याचं उत्तर "बरंय" हेच येतं. विचारायचं, "काय दिसलं?"

मी परत आत्याकडेच गेलो. तिने चष्मा लावला, फोन लांब धरला, चार मिनिटं काही बोलली नाही. मध्ये एकदा दूधवाला आला तर त्याला हातानेच थांब म्हणाली. संपल्यावर मी विचारलं, काय दिसलं.

"तो दरवाजा," ती म्हणाली, "उचलून घेतला ना त्याने. आमचा पण तसाच अडकायचा, पावसात तर दोघं लागायचे."